दुसरी प्रत

बाभुळगाव,
२२ एप्रिल २०२४

आदरणीय भाऊस,
सत्यशीलाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन लावून लावून तुम्ही वैतागला असाल. तो मीच बंद करून कपाटात ठेवलाय. ज्याने मला फसवलं तो माणूस सारखा फोन करत होता. तुम्ही बँकेत लागलात तेव्हापासून आपण भावंडं एकमेकांना पत्रं लिहीत आलोय, ती सवय आज कामी आली.

काय झालं ते सरळच सांगते. तुम्ही रागावणार हे धरून चालते. गेल्या मंगळवारी दुपारी मी संगणकावर यांनी घेतलेल्या मुलाखती ऐकून टाइप करत बसले होते. एका जुन्या शब्दाचा अर्थ शोधायला इंटरनेटवर गेले आणि अख्खा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, बंद केलात तर सगळं पुसलं जाईल, ताबडतोब या नंबरवर बोला, असं हिंदीत लिहून आलं. मी घाबरून नंबर लावला आणि सवयीप्रमाणे आधी जयभीम म्हटलं. पलीकडचा जरासा थांबला आणि म्हणाला, जयभीम ताई. भाऊ, मी फसले ती तिथेच. आपल्यातलाच कोणी मुलगा शिकून मोठ्या कंपनीत लागला, असं वाटून मला उलट अभिमान वाटला. त्याने सांगितलं ते मी इंटरनेटवरून संगणकात उतरवून घेतलं, त्याने विचारला तो पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला. मग पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. थोड्या वेळाने तो पैसे मागू लागला. दोनदा दिले. तिसऱ्यांदा मी भावाला विचारते म्हटलं, तर त्याने ताई सोडून शिवी दिली, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेका फाइलचं नाव बदलून भलतंच झालं. एकही उघडत नाही.

पैशांचं काही बोलू नका, ते गेले. पण त्यात यांच्या त्रेचाळीस मुलाखती आहेत. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली आपल्या जिल्ह्यातली माणसं शोधत हे अकरा वर्षं मोटारसायकलवर फिरले. रेकॉर्डरचं कार्ड भरलं की संगणकात उतरवायचे आणि कार्ड पुसून पुढच्या गावाला निघायचे. त्या त्रेचाळीसपैकी अडतीस माणसं आता नाहीत. हेही नाहीत. माझ्याकडून जेमतेम चार मुलाखती टाइप करून झाल्या होत्या. यवतमाळचा दुरुस्तीवाला म्हणाला, ज्याने कुलूप लावलं त्याच्याजवळच किल्ली.

भाऊ, फेब्रुवारीत तुम्ही अँटिव्हायरस टाकायला आलात, तेव्हा दुपारपर्यंत संगणकाशी बसला होतात. त्या वेळी यातलं काही उतरवून नेलं होतं का? एखादी का होईना?

वहिनींना जयभीम. लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त लागेल.

तुमची,
सत्यशीला

•

नेर,
२९ एप्रिल २०२४

प्रिय शीलास,
इंद्रजितचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. चौतीस वर्षं तू जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या गृहपाठाच्या थापा पकडल्यास आणि म्हातारपणी एका भोंग्याला भ्यालीस. बरं, चोराला किल्ली दिली ती तूच. आधी जयभीम तू म्हणालीस. तू नमस्कार म्हणाली असतीस तर तो नमस्कार म्हणाला असता, आणि राम राम म्हणाली असतीस तर त्याने अभंगही म्हटला असता!

फेब्रुवारीत मी काय सांगितलं होतं? पडद्यावर आलेल्या नंबरवर कधीही फोन करायचा नाही. भोंगा वाजला तर सरळ बटण दाबून संगणक बंद करायचा. कोणाच्या सांगण्यावरून काही उतरवून घ्यायचं नाही. आणि दर रविवारी सगळ्याची दुसरी प्रत काढून संगणकापासून वेगळी, कपाटात ठेवायची. तू मान डोलावलीस आणि चहा टाकायला उठलीस. नंतर किती रविवारी प्रत काढलीस ते लिहू नकोस, मला ठाऊक आहे.

मी काही उतरवून नेलं का, असं विचारतेस. मी तुझा कारकून नाही. ज्याची वस्तू त्याने जपावी. मारोतरावांनी अकरा वर्षं उन्हातान्हात जमवलं ते तू एका दुपारी उधळलंस, हे मी तुझ्या तोंडावर म्हणणार नव्हतो, पण विषय तूच काढलास.

पोलिसांत तक्रार दे. बँकेत जाऊन खातं बंद करून घे. फोन कपाटात आहे तो तिथेच राहू दे. आता बैल गेला अन् झोपा केला, पण निदान कडी तरी लाव.

तुझी रुपाली वहिनी तुझ्यासाठी लोणचं पाठवतेय. लोभ करतोच, कानही धरतो.

तुझा भाऊ,
इंद्रजित

•

नेर,
३ मे २०२४

प्रिय मैत्रेयीस,
बाबांचा सप्रेम जयभीम.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझी आई दाराआडून ऐकते आणि तिच्या पोटात तासभरही काही राहत नाही. तुझ्या सत्यशीला आत्याचा पराक्रम कळलाच असेल. पण खरी गंमत पुढे आहे. मारोतरावांच्या सगळ्या, म्हणजे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मुलाखती माझ्या कपाटात आहेत. फेब्रुवारीत ती भाकरी थापत होती तोवर मी सगळा माल एका हार्डडिस्कवर उतरवून घेतला. ही बाई प्रत काढणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं. परवा लावून पाहिलं, सगळं जसंच्या तसं आहे.

तिला सांगितलं नाही. लगेच दिलं तर पुढच्या महिन्यात दुसरा भोंगा आणि दुसरा जयभीम. थोडी तळमळू दे, जन्माची शहाणी होईल. बुद्धपौर्णिमेला जातो आणि हातात ठेवतो. तिचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होईल.

दुसरं म्हणजे, इथल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं व्याख्यान ठरलंय. विषय, घरचा संगणक आणि बाहेरचे चोर. आत्याचा किस्सा शेवटी घेणार. नाव घेणार नाही.

अकोल्यात ऊन फार असेल. कॉलेजातून येताना डोक्याला रुमाल बांधत जा. लोभ आहे, हे सांगायला का हवं?

तुझे,
बाबा

•

अकोला,
१४ मे २०२४

प्रिय बाबांस,
स. जयभीम.

पत्र वाचून मला गंमत वाटली नाही. पौर्णिमेची वाट कशाला बघता? बाभुळगावला जायला किती वेळ लागतो? आत्या रोज मारोतराव मामांच्या फोटोसमोर बसून माफी मागत असेल, तुम्हाला ती ठाऊक नाही का? तुम्ही म्हणालात म्हणून मी तिला काही कळवत नाही. पण हे मला जड जातंय.

आजच जा. एवढं ऐकलंत तर लोभ पोचला असं समजेन.

तुमची,
मैत्रेयी

•

बाभुळगाव,
२० जून २०२४

आदरणीय भाऊस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पौर्णिमेला तुम्ही येणार असं वहिनींनी कळवलं होतं. पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या. नंतर कळलं की त्याच दिवशी तुमचं दुसरं व्याख्यान लागलं. पहिलं फार रंगलं म्हणे. शेजारच्या बसंतीबाईचे भाऊ तिथे होते. बाभुळगावच्या एका निवृत्त शिक्षिकेने, जी माझी सख्खी बहीण आहे, नवऱ्याच्या जन्माची कमाई कशी घालवली ते तुम्ही सांगितलं तेव्हा बायका हळहळल्या आणि तुम्हाला शाल मिळाली. नाव घेतलं नाहीत, आभारी आहे. पण भाऊ, तुम्हाला सख्खी बहीण एकच आहे.

असो. मी रडत बसले नाही. पाच माणसं हयात आहेत, त्यांच्याकडे पुन्हा जायचं ठरवलं. नवा रेकॉर्डर घेतला. पहिल्यांना आता ऐकू येत नाही. दुसरे मला आपली मेलेली बहीण समजून तासभर माझ्याशी भांडले. तिसऱ्यांनी सांगितलं, पण चार वाक्यांत. यांच्याजवळ त्यांनी अख्खी सकाळ सांगितलं होतं, मी तेव्हा चहा घेऊन आत-बाहेर करत होते. चौथ्यांना त्यांची मुलं हैदराबादला घेऊन गेली. उरल्या मुकुटबनजवळच्या खेड्यातल्या कोकिळाबाई. त्या पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांच्याकडे जायला माझं मन धजत नाही, पण जाणार.

लोभ किती राहिलाय ते विचारत नाही, असेल तेवढा असू द्या.

तुमची,
सत्यशीला

•

नेर,
२ जुलै २०२४

प्रिय शीलास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

रागावलीस तर. अगं, पुढच्यास ठेच मागचा शहाणा, ही म्हण पुढच्यानेच सांगायची असते का? तुझ्या ठेचेने नेरमधली दोनशे म्हातारी माणसं शहाणी झाली. एका गृहस्थाने भर सभेत उठून सांगितलं, इंद्रजितभाऊ, तुमच्या बहिणीची गोष्ट ऐकली अन् घरी जाऊन आधी दुसरी प्रत काढली. आता दारव्ह्याचं आमंत्रण आहे, दिग्रसचं आहे. त्या किस्स्याशिवाय व्याख्यान उभं राहत नाही. लोक प्रश्न विचारत नाहीत, तुझंच विचारतात.

पौर्णिमेचं राहिलं खरं. येईन सवडीने, घाई काय आहे?

मुकुटबनला अवश्य जा. घरात बसून गुडघे धरतात. कष्टाशिवाय वस्तूची किंमत कळत नाही, हे आपले बाबा म्हणायचे.

छत्री ने. लोभ आहे, शालीत गुंडाळून ठेवलाय.

तुझा भाऊ,
इंद्रजित

•

बाभुळगाव,
२९ जुलै २०२४

आदरणीय भाऊस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आज थट्टा नको. एक विचारायचं आहे आणि घरात मोठे तुम्हीच उरलात.

परवा कोकिळाबाईंकडे जाऊन आले. यवतमाळ, वणी, मुकुटबन अशा तीन बस, पुढे ऑटो. खाटेवर इतकुशी बाई. दम लागतो, बोलताना मध्ये थांबावं लागतं. मला ओळखलं आणि मारोतीची बायको आली म्हणून सुनेला चहा सांगितला. मग मी कशाला आले ते सांगितलं.

तुम्हाला त्यांची हकिगत ठाऊक नसेल. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले, तर गावाने त्यांचं पाणी तोडलं आणि मजुरी बंद केली. आठ दिवस डबक्याचं पाणी प्यायले. कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. ती कशी गेली ते त्यांनी नवऱ्यापाशीही कधी काढलं नाही. पंचावन्न वर्षांनी एकदाच यांच्यासमोर बोलल्या, आणि पुन्हा मला कोणी हे विचारायचं नाही, अशी अट घातली. यांनी शब्द दिला होता.

मी तो शब्द मोडला, भाऊ. त्या म्हणाल्या, मारोतीले समदं सांगतलं होतं, तू काहून पुन्हा इचारून राह्यली? मी हरवलं म्हणाले. माझ्या पोरीचं नावही हरवलं का, म्हणाल्या. मी हो म्हणाले. जगात दुसरीकडे कुठंच नाही ना, असं त्यांनी विचारलं, मी कुठंच नाही म्हणाले, तेव्हा सांगायला लागल्या. नागपूरपासून गावात परत येईपर्यंत सांगितलं. मग दम लागला. उरलेलं पुढच्या वेळी सांगते म्हणाल्या. उरलं म्हणजे ते पाणी आणि ती मुलगी.

त्यांचा मुलगा रामलाल मला सडकेपर्यंत सोडायला आला. मावशी, तुम्ही विचारल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नाही, होईल तर आता येऊ नका, असं हात जोडून म्हणाला. दुसरं मन म्हणतं, त्या गेल्या की ती मुलगी कुठेच उरणार नाही. तुम्ही सांगाल तसं करते. जाऊ की नको?

लोभाचं राहू द्या, उत्तर तेवढं लवकर द्या.

तुमची,
सत्यशीला

•

नेर,
५ ऑगस्ट २०२४

प्रिय शीलास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

इतकं हळवं होऊन कसं चालेल? म्हातारी माणसं बोलल्याने मोकळी होतात. घेतलेलं काम आपल्या घरात कोणी अर्धवट टाकलं नाही. जा आणि पुरं करून ये.

आणि फार खचू नकोस. दसऱ्याला तुला एक बातमी देणार आहे. आताच विचारू नकोस. दिग्रसचं व्याख्यान सप्टेंबरअखेर आहे, ते एकदा होऊन जाऊ दे.

लोभ वाढत्या भावाने.

तुझा भाऊ,
इंद्रजित

•

नेर,
१० ऑक्टोबर २०२४

प्रिय शीलास,
सप्रेम जयभीम, आणि अशोक विजयादशमीच्या मंगल कामना!

सोबतचं पुडकं आधी बसून घे आणि मग उघड. आत काळी डबी आहे. हीच ती दुसरी प्रत. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! तू भाकरी थापत होतीस तेव्हा उतरवून घेतलेली. तू विचारलंस तेव्हा मी नाही असं म्हणालो नव्हतो, तुझा कारकून नाही एवढंच म्हणालो होतो. पत्र काढून बघ.

आता रागावशील, मग रडशील, मग हसशील. सहा महिने तळमळलीस, पण आता जन्मात कोणी तुला फसवू शकणार नाही. धडा असाच द्यावा लागतो, शीला, तू स्वतः शिक्षिका आहेस. लवकरच द्यायचा विचार होता, पण व्याख्यानं लागत गेली आणि वस्तू सापडली म्हटल्यावर किस्स्याचा शेवटच जातो. आता नवा शेवट करतो. भावाने वाचवलं!

संगणक साफ करून, नवा अँटिव्हायरस टाकून मगच डबी लाव. दोन महिने तुझं पत्र नाही. मुकुटबनचं झालं का पुरं? झालं नसलं तरी आता काही अडत नाही.

या खेपेला लोभ मागत नाही, थोडं कौतुक मागतो.

तुझा भाऊ,
इंद्रजित

•

बाभुळगाव,
२१ ऑक्टोबर २०२४

इंद्रजित यांस,
जयभीम.

पुडकं चौदा तारखेला मिळालं. सगळ्या मुलाखती उघडल्या. पहिली कोकिळाबाईंची लावली. दोन तास अकरा मिनिटं. सुरुवातीला हे पंखा बंद करू का विचारतात. त्या सगळं सांगतात, सावकाश, दम न लागता. मुलीचं नाव सुजाता. शेवटी त्या म्हणतात, मले पुन्हा कोणी इचारू नोका रे बाबा, आणि हे म्हणतात, नाही विचारणार आई, मी आहे ना. यांचा आवाज मी सहा महिन्यांनी ऐकला आणि तो हे बोलत होता.

मुकुटबनचं विचारलंत. तुमचं पाच ऑगस्टचं पत्र मिळालं, तुम्ही जा म्हणालात, मी वीस तारखेला गेले. रामलाल अंगणात आडवा उभा राहिला. मोठ्या भावाने सांगितलंय, असं म्हणून मी आत गेले. कोकिळाबाईंनी तोंड फिरवून घेतलं. मी पाय धरले. जगात दुसरीकडे कुठंच नाही आई, असं पुन्हा म्हणाले. तेव्हा त्या उठून बसल्या आणि त्यांनी सांगितलं. मुलीला शेवटचं पाणी कसं गाळून पाजलं ते हाताने करून दाखवलं. मग थांबल्याच नाहीत. मी रेकॉर्डर बंद केला तरी त्यांचे हात तसेच हलत होते. त्यानंतर त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. मांडीवर लुगड्याची घडी घेऊन बसायच्या आणि घरात कोणी पाण्याचा तांब्या उचलला की किंचाळायच्या, तिले देऊ नका म्हणून. सव्वीस तारखेला गेल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला मी त्या आठ दिवसांत परत नेऊन सोडलं आणि ती तिथेच मेली.

मी तुम्हाला कळवलं नाही, कारण मी मारलं हे मला कागदावर लिहवेना. सात आठवडे मी रोज तेच घोकत होते. चौदा तारखेला डबी उघडली आणि कळलं की हे काम मी एकटीने केलेलं नाही. मी पाय धरले त्या दिवशी त्यांचं सगळं बोलणं तुमच्या कपाटात होतं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. जाऊ की नको हे मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्हाला दिग्रस उरकायचं होतं.

त्या भोंगेवाल्याने मला लुटलं, पण तो मला ओळखत नव्हता. त्याला शिवी देता येते. तुम्हाला काय देऊ?

काल मी पुन्हा मुकुटबनला गेले. रामलालला आणि सुनेला मूळ मुलाखत ऐकवली आणि ती कुठे होती तेही सांगितलं. माझं ऐकून रामलाल ओरडला नाही. एवढंच म्हणाला, काहून? मावशी, ठेवली काहून होती त्यांनं? धडा शिकवायला, असं म्हणायला गेले तर त्याला समजेना, कोणाला शिकवायला ते.

वहिनी म्हणाल्या, तीन नोव्हेंबरच्या रविवारी नेरलाच तुमचं मोठं व्याख्यान आहे, दुपारी चारला. मी रामलालला पत्ता लिहून दिलाय, बसही सांगितली आहे. तो आणि सून येतील आणि पुढच्या रांगेत बसतील. तुम्ही किस्सा सांगा, नवा शेवटही सांगा. मग तो उठून विचारेल.

पत्राखाली लोभ मागायची आपल्या घरची रीत आहे, म्हणून ही ओळ सोडून ठेवली होती. मागावासा वाटला नाही.

सत्यशीला